भाड्याचा शोध

सर्च भाड्यानं घ्यायची आयडिया क्लाउडवाल्यांची आहे असं वाटत असेल, तर जरा थांबा. ती आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीची आहे. विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीने १९७२ साली 'डायलॉग' नावाची सेवा बाजारात आणली. रॉजर समिट नावाचे गृहस्थ कंपनीच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत बसून ती १९६० च्या दशकापासून घडवत होते. त्याआधी नासाच्या कागदपत्रांसाठी तिचा एक अवतार चालूही झाला होता. समिट यांच्या डोक्यात आलेली गोष्ट आज साधी वाटते: प्रत्येक लायब्ररीने स्वतःचा अवाढव्य कॉम्प्युटर कशाला घ्यायचा? टेलिफोनच्या लाईनवरून आमच्याकडे या, आमच्या मशीनवर शोधा, आणि वापराल तेवढे पैसे द्या.

बिल कसं यायचं, तर मुख्यतः जोडणीच्या वेळेवर. म्हणजे रिक्षाच्या वेटिंगसारखं. तुम्ही विचार करत बसलात तरी मीटर चालूच. त्यामुळे लायब्ररीतली माणसं काय शोधायचं, कुठले शब्द जोडायचे, कुठले वगळायचे हे आधी कागदावर लिहून काढायची आणि मगच लाईन जोडायची. क्वेरी लिहिणं हे तेव्हा प्रशिक्षण घेऊन करायचं काम होतं.

धंदा चांगला चालला. इतका, की १९८८ मध्ये नाइट-रिडर या वृत्तपत्र कंपनीने डायलॉग ३५.३ कोटी डॉलरना विकत घेतली. १९९७ मध्ये तिचा मालक पुन्हा बदलला. २००० मध्ये ती थॉमसनकडे गेली आणि २००८ मध्ये प्रोक्वेस्टकडे. सेवा तीच, घरमालक चार वेळा बदलला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हा सगळा इतिहास मी का उकरून काढतोय? तर सध्या आमच्या टीमसमोर एक निर्णय आहे. क्लायंट सुट्या भागांचा घाऊक व्यापारी आहे. बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील असला सगळा माल. आयटम लाखांत. काउंटरवरचा माणूस गिऱ्हाईक समोर उभं असताना काहीतरी टाइप करणार आणि दोन सेकंदांत 'आहे' किंवा 'नाही' सांगणार. हा सर्च आम्ही स्वतः बांधणार नाही, तयार सेवा घेणार, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालंय. कुठली घ्यायची यावर एक भलामोठा तक्ता फिरतोय: किंमत, वेग, फीचर्स, सपोर्ट. सगळे रकाने भरलेले. पण एक रकाना त्यात नाही. "ही सेवा उद्या बंद झाली किंवा बदलली, तर आपल्याकडे काय उरतं?"

माझं म्हणणं असं की तोच रकाना सगळ्यात आधी भरायला हवा. आणि तो भरायला विक्रेत्यांची माहितीपत्रकं कामाची नाहीत, इतिहासच लागतो.

आधी थोडं यंत्राबद्दल. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद उडी मारून पुढे जावं.) डेटाबेसला 'नावात कुठेही हा शब्द असलेल्या ओळी दे' असं लाइक लावून विचारलं, की साधा इंडेक्स तिथे उपयोगी पडत नाही, तो बिचारा सगळ्या ओळी वाचत सुटतो. पुस्तकात एखादा शब्द शोधायला पहिल्या पानापासून वाचत जावं तसं. सर्च इंजिन पुस्तकाच्या मागे असते तशी सूची आधीच बनवून ठेवतं: शब्द, आणि तो कुठकुठल्या पानांवर आहे. यालाच इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. मग सापडलेल्या पानांपैकी आधी कुठलं दाखवायचं, हा दुसरा प्रश्न. त्याचं एक मूलभूत उत्तर कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने दिलं, योगायोगाने १९७२ सालीच: जो शब्द कमी कागदांत आढळतो त्याला वजन जास्त द्या. 'बेअरिंग' हा शब्द आमच्या क्लायंटच्या हजारो आयटममध्ये असेल, त्यावरून काही कळत नाही. '६२०४' मोजक्याच ठिकाणी असेल, त्यावरून सगळं कळतं. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे बीएम२५ हे सूत्र. ते लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या ओकापी या सर्च सिस्टीमवर काम करणाऱ्या मंडळींनी १९९४ च्या सुमाराला पुढे आणलं.

थोडक्यात काय, गणित कोणाच्या तिजोरीत नाही. सगळं छापून आलेलं आहे.

यंत्रही तसंच. डग कटिंगने १९९७ च्या आसपास जावामध्ये एक सर्च लायब्ररी लिहायला घेतली आणि तिला बायकोचं मधलं नाव दिलं: ल्युसीन. २००० मध्ये तिचा कोड खुला झाला, २००१ मध्ये ती अपाचेच्या छत्राखाली आली. सीनेट कंपनीत योनिक सीली याने २००४ मध्ये तिच्याभोवती सर्व्हर बांधला, तो सोलर, आणि २००६ मध्ये तोही अपाचेला दिला. तिकडे शाय बेनॉनची बायको लंडनमध्ये स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्याने ल्युसीनवर आधारलेलं काहीतरी लिहायला सुरुवात केली, त्यातून आधी कंपास आणि मग फेब्रुवारी २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च आलं. (बायकांचे सर्च इंजिनांवर फार उपकार आहेत. :-) ) ल्युसीनने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत बीएम२५ हेच मूळ सूत्र म्हणून स्वीकारलं. म्हणजे आज बाजारात जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच सेवांच्या पोटात हीच मंडळी आहेत. आपण पैसे देतो ते रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर दुसऱ्या कोणीतरी उठावं यासाठी. त्यात गैर काही नाही. मीही आनंदाने देईन.

मग गडबड कुठे होते? या सेवा कशा संपल्या किंवा बदलल्या ते पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. मला त्यात तीन तऱ्हा दिसतात.

पहिली: कंपनी विकली जाते. इंडेक्सटँक नावाची छान सेवा होती. डेटा पाठवा, शोध घ्या, बस. रेडिटसारखी प्रचंड साईट तिच्यावर चालत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये लिंक्डइनने ही कंपनी विकत घेतली. लिंक्डइनला हवे होते ते लोक आणि तंत्र. भाडेकरूंना काही महिन्यांची मुदत मिळाली आणि २०१२ मध्ये सेवा बंद. जाता जाता कोड खुला केला, हे मात्र चांगलं केलं.

दुसरी: मालकाचा रस संपतो. हे कंपनी बुडण्यापेक्षा वेगळं, कारण इथे मालक भक्कम असतो. सर्चमध्ये गुगलपेक्षा मोठं नाव कोणतं? गुगलने २००२ मध्ये कंपन्यांसाठी सर्च अप्लायन्स नावाचं पिवळं खोकं काढलं. ते आपल्या सर्व्हर रूममध्ये लावायचं आणि विसरून जायचं. २०१६ मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. वेबसाईटसाठीची पैसे भरून मिळणारी साईट सर्च सेवाही एप्रिल २०१७ पासून विकणं थांबलं आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. याहूची बॉस ही सेवा २००८ मध्ये आली, मार्च २०१६ मध्ये गेली. ॲमेझॉनने एप्रिल २०१२ मध्ये क्लाउडसर्च आणलं, जुलै २०२४ मध्ये नव्या ग्राहकांना त्याचं दार बंद केलं. जुने भाडेकरू राहू शकतात, पण ज्या वाड्यात नवीन कोणी राहायला येत नाही त्याच्या दुरुस्तीवर मालक किती खर्च करेल, हे पुण्यात राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

तिसरी: कराराचे शब्द बदलतात. इलॅस्टिकसर्चचा कोड अपाचे लायसन्सखाली होता, आणि ॲमेझॉन २०१५ पासून तोच आपली सेवा म्हणून विकत होती. इलॅस्टिक कंपनीला ते अर्थातच रुचलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिने जाहीर केलं की ७.११ आवृत्तीपासून लायसन्स बदलणार. ॲमेझॉनने मग शेवटचा खुला कोड उचलून एप्रिल २०२१ मध्ये ओपनसर्च हा वेगळा फाटा जाहीर केला. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवलं जातं ते असं: इलॅस्टिकच्या पायथनसारख्या अधिकृत क्लायंट लायब्रऱ्या ७.१४ आवृत्तीपासून समोरचा सर्व्हर 'आपलाच' आहे का हे तपासायला लागल्या, आणि नसेल तर बोलायला नकार द्यायला लागल्या. म्हणजे ज्याने ॲमेझॉनची सेवा घेतली होती आणि नेहमीसारखी लायब्ररी अपडेट केली, त्याचा काही चूक न करता सर्च बंद. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल हा खुला पर्याय परत दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनकडे गेलं. तोवर वाटा दोन झालेल्याच होत्या.

आता गंमत बघा. ही सगळी उदाहरणं परत वाचा. मालकाची बाजारातली गणितं बदलली आणि भाडेकरूला सामान आवरावं लागलं. म्हणजे आपल्या तक्त्यातला वेगाचा रकाना कितीही हिरवा असला तरी या संकटाबद्दल तो काहीच सांगत नाही. मोठी कंपनी घ्या, सुरक्षित राहाल, हा ऑफिसातला लाडका युक्तिवादही फारसा टिकत नाही. गुगल, याहू, ॲमेझॉन ही नावं लहान आहेत का?

रेडिटचंच पाहा. त्यांनी स्वतः २०१७ मध्ये आपल्या सर्चचा प्रवास सांगितला होता. सुरुवातीला पोस्टग्रेसमधलाच मजकूर-शोध, मग २००७ मध्ये पायल्युसीन, २००८ मध्ये सोलर, २०१० मध्ये इंडेक्सटँक, २०१२ मध्ये क्लाउडसर्च आणि २०१७ मध्ये ल्युसिडवर्क्सचं फ्यूजन. बारा वर्षांत सहा घरं! तरी साईट चालू राहिली. कारण मूळ मजकूर कायम त्यांच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होता. इंडेक्स ही त्यावरून काढलेली सूची. सूची हरवली तर परत काढता येते, पुस्तक हरवलं तर संपलं.

म्हणून पहिला नियम सोपा: सर्चच्या सेवेला डेटाचं मूळ घर कधीही करू नका. 'ही एकच फील्ड तिकडेच ठेवूया, सोपं पडेल' असं कोणीतरी म्हणतंच. नको.

पण एवढं पुरेसं आहे का? मला वाटतं, नाही. कारण सर्चचा एक वाईट गुण आहे: तो बिघडला तरी ओरडत नाही. पेमेंट अडकलं तर लगेच फोन येतो. सर्चने दहाऐवजी दोनच गोष्टी दाखवल्या तर बघणाऱ्याला वाटतं, दोनच असतील.

याचा एक जुना आणि जबरदस्त पुरावा आहे. १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि मॅरन या दोन संशोधकांनी आयबीएमच्या स्टेअर्स या मजकूर-शोध यंत्रणेची परीक्षा प्रसिद्ध केली. एका मोठ्या कोर्ट केसची सुमारे ४०,००० कागदपत्रं, साडेतीन लाखांच्या आसपास पानं. शोधणारे प्रत्यक्ष त्या केसचे वकील आणि त्यांचे सहायक. त्यांना वाटत होतं की कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी आपल्याला मिळालेत. प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे २० टक्के. यंत्र ठणठणीत चालू होतं. पण एकाच गोष्टीला माणसं किती वेगवेगळ्या शब्दांत लिहितात, हे ना यंत्राला ठाऊक होतं, ना शोधणाऱ्याला.

हेच आमच्या काउंटरवर घडणार. '६२०४-झेडझेड' हे बेअरिंग कोणी मध्ये आडवी रेघ देऊन लिहितो, कोणी जागा सोडून, कोणी सलग. (कीबोर्डवर अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत.) ल्युसीनची नेहमीची तोडणी रेघेवर आणि जागेवर शब्द तोडते, पण आकड्याला चिकटलेली अक्षरं तोडत नाही. म्हणजे पहिल्या दोघांचे दोन दोन तुकडे, तिसऱ्याचा एकच. सलग टाइप करणाऱ्याला रेघवाला माल दिसणारच नाही. माल मागच्या फळीवर पडून, आणि काउंटरवरून उत्तर "नाही आमच्याकडे". गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. या नुकसानाची नोंद कुठल्याच लॉगमध्ये होत नाही!

त्यात आपली मराठी. क्लायंटच्या शेऱ्यांच्या फील्डमध्ये सर्रास मराठी लिहिलेली असते. आता 'कोल्हापूर' शोधलं तर 'कोल्हापुरात पाठवला' हे सापडायला हवं. नुसता शेवटचा प्रत्यय छाटून भागत नाही, कारण आपला 'पू' सामान्यरूपात 'पु' होतो. छाटून उरलेलं 'कोल्हापुर' आणि मूळ 'कोल्हापूर' यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. आणि 'दुसऱ्या'तला तो ऱ्या! युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर डिट्टो सारखा, आत अक्षरं वेगळी. ज्यांनी आंतरजालावर मराठी टंकण्याची सुरुवातीची वर्षं काढली आहेत त्यांना हा छळ आठवत असेल. विक्रेत्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का, हे विचाराच. मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या यादीत ती आहे. (त्या सेवेचं नाव मात्र ॲझ्युर सर्च, मग कॉग्निटिव्ह सर्च, मग २०२३ पासून एआय सर्च असं तीनदा ठेवून झालंय.) पण यादीत नाव असणं वेगळं आणि आपला 'कोल्हापुरात' सापडणं वेगळं. अर्थावरून शोधणारे नवे व्हेक्टर सर्च इथे मदत करतात, पण पार्ट नंबरच्या बाबतीत 'साधारण तसंच' चालत नाही. ६२०४ मागितल्यावर ६२०५ दिलं तर ते शाफ्टवर बसणार नाही. पहिल्याचं भोक २० मिमी, दुसऱ्याचं २५.

या सगळ्यातून माझा दुसरा नियम निघतो, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. इंजिन भाड्याने मिळतं. पण आपल्या माणसाने काय टाइप केल्यावर काय सापडायला हवं, हे ज्ञान भाड्याने मिळत नाही. ते काउंटरवरच्या वीस वर्षं जुन्या माणसाच्या डोक्यात असतं. ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं आणि ते कागद आपल्याकडे ठेवायचे.

तेव्हा टीमला मी जे सुचवलंय ते इथे देतो. कोणाला उपयोग झाला तर आनंदच.

१. काउंटरवरून खऱ्या दोनशे शोधांची यादी करायची, प्रत्येकापुढे 'हे सापडलंच पाहिजे' असं उत्तर. प्रत्येक उमेदवार सेवेला हीच परीक्षा. घेतल्यानंतरही दर महिन्याला हीच परीक्षा.

२. समानार्थी शब्दांची यादी, नंबर तोडायचे नियम, कशाला किती वजन, हे सगळं विक्रेत्याच्या पडद्यावर क्लिक करून ठेवायचं नाही. आपल्या कोडसोबत साध्या फाईलमध्ये ठेवायचं आणि तिथून पाठवायचं.

३. ॲप्लिकेशनने सर्चशी बोलायची जागा एकच. सगळीकडे विक्रेत्याच्या लायब्ररीचे कॉल पसरले की घर बदलताना भिंतीही न्याव्या लागतात.

४. कोऱ्या पाटीवरून सगळा इंडेक्स परत बांधायला किती तास लागतात, ते मोजून लिहून ठेवायचं. हा आकडा म्हणजे आपलं स्वातंत्र्य.

५. सर्व्हर कुठल्या देशात? मुंबई ते व्हर्जिनिया साधारण १३,००० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जेमतेम दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद गेले, शोध अजून सुरूही नाही. टाइप करता करता उत्तरं दाखवायची असतील तर हे जाणवतं. शिवाय इंडेक्समध्ये गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर गेले, तर २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्याचा विचार त्या प्रतीसाठीही करावा लागणार. पुसायचं तर दोन्हीकडून.

६. बिल कशावर? नोंदींवर, शोधांवर की मशीनच्या तासांवर? प्रत्येक अक्षराला एक शोध मोजला गेला तर आठ अक्षरांचा पार्ट नंबर आठ शोधांना पडतो. १९७२ चा मीटर अजून चालूच आहे, फक्त दिसत नाही.

आणि हो, सातवा प्रश्न सगळ्यांच्या आधी: सेवा लागतेच का? पोस्टग्रेसमध्ये मजकूर-शोध २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून अंगभूत आहे, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये २०१३ च्या ५.६ पासून. काही हजार नोंदींच्या ॲप्लिकेशनला तेवढं पुरून उरतं. आमच्या केसमध्ये ते पुरेल असं वाटत नाही, पण त्या दोनशे शोधांची परीक्षा आम्ही त्यालाही देणार आहोत. पहिला आला तर काय करायचं हा पेच मॅनेजरसाहेबांचा. :-)

"एवढा विचार कशाला, सर्चची तर एक खिडकी असते," असं मला परवा एकाने ऐकवलं. खरंय. पण काउंटरवरचा माणूस दिवसभर त्याच खिडकीतून स्वतःचं गोदाम बघणार आहे. काच भाड्याची असायला हरकत नाही. गोदामात काय काय आहे आणि त्याला आपली माणसं काय म्हणतात, याची वही मात्र घरचीच हवी.

असो. बरंच लांबलं. यादी करायला सोमवारपासून काउंटरवर बसायचंय, चहा तिकडचा चांगला असतो म्हणतात. तुमच्याकडे हे कसं करतात, जरूर सांगा.